हमी सरकारची, नोटीस आमच्या दारात



मागच्या महिन्यात आमच्या ढाण्यावर कोतवाल आला आणि बाबाच्या हातात एक कागद देऊन गेला. बाबाला वाचता येत नाही. ढाण्यात बारावी शिकलेली मी एकटीच, म्हणून गावातले सगळे कागद शेवटी माझ्याकडे येतात. मी वाचलं. थकीत रक्कम व्याजासह मुदतीत भरा, नाहीतर ती जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात येईल. बाबा म्हणाला, "पन मी त कर्ज घेतलंच नाई!"

खरंच घेतलं नव्हतं. घेतलं होतं शेजारच्या काकानं, पिठाच्या गिरणीसाठी. बाबा जामीनदार. त्या वेळी फाईल करून देणारा जो माणूस परतवाड्याहून यायचा, तो ओट्यावर बसून बोलला होता ते मला अजून आठवते. "सरकारची हमी हाय बापा, तुले काई नाई होत. अंगठा लाव फक्त."

गिरणी आली, नारळ फुटला. आमच्याकडे लाईट कशी राहते ते मेळघाटच्या माणसाला सांगायची गरज नाही. मोटर दोनदा जळाली. पावसाळ्यात आठ आठ दिवस अंधार, बायका परत जात्यावर. हप्ता भरायचा कशानं? काका आता दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातो आणि होळीला, मेघनाथाच्या जत्रेला परत येतो. त्याला गाठणं कठीण, म्हणून कागद बाबाकडे. कर्ज देणाऱ्या ऑफिसचं नाव मी इथे लिहीत नाही. एका ऑफिसचा हा प्रश्नच नाही.

माझा प्रश्न साधा आहे. हमी सरकारची होती तर बाबाचा अंगठा कशाला पाहिजे होता?

हा प्रश्न घेऊन मी चार ठिकाणी फिरले, कायद्याची पुस्तकं पाहिली, शिकलेल्या साथींना विचारलं. जे समजलं ते असं. सरकार हमी घेते ती तुमची नाही, कर्ज देणाऱ्याची. छोट्या धंद्यांच्या कर्जासाठी केंद्र सरकारनं सिडबीच्या सोबतीनं 2000 साली एक हमी निधी उभा केला. 2015 पासूनच्या मुद्रा कर्जालाही तसाच निधी आहे. धंदा बुडाला तर बुडालेल्या रकमेचा मोठा हिस्सा हा निधी बँकेला भरून देतो. बँक सुटली. पण तुमच्या नावावरचं कर्ज काही पुसल्या जात नाही. वसुली चालूच राहते, आणि वसूल झालेल्या पैशातून निधीचा हिस्सा परत जातो. म्हणजे छत्री बँकेच्या डोक्यावर, आणि आपल्याला सांगितलं की बघ, तुझ्यावर छत्री धरली.

आणि खरी गंमत पुढे आहे. ज्या कर्जाला या निधीचं पूर्ण संरक्षण घेतलं त्याला तारण घ्यायचं नाही, तिसऱ्या माणसाची जामीनकी घ्यायची नाही, असं त्याच योजनेत लिहिलेलं आहे. दहा लाखांपर्यंतच्या छोट्या धंद्याच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2010 पासून आहे. तरी गावात येणारा फाईलवाला पहिलं काय विचारतो? "सातबारा हाय का? नोकरीवाला जामीन हाय का?" आमच्या वस्तीत नोकरीवाला म्हणजे आश्रमशाळेतला कामाठी. त्यानं तरी किती जणांसाठी सही करावी!

आता दुसरीकडे पाहा. याच महाराष्ट्रात सरकारच्या हमीवर कर्ज घेणारे दुसरेही लोक आहेत. साखर कारखाने, सूतगिरण्या. त्यांच्या हमीला सरकारी कागदात थकहमी म्हणतात. राज्य सहकारी बँकेनं थकहमीवर कर्जं वाटली, कारखाने बुडाले. 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्या बँकेचं संचालक मंडळ बरखास्त केलं. बँकेनं कित्येक कारखाने लिलावात विकले. ते कवडीमोल भावानं पुढाऱ्यांच्या गोतावळ्यातच गेले असा आरोप घेऊन लोक उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाच्या आदेशानं 2019 मध्ये गुन्हा नोंदला, आणि वर्षभरात पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला. आणि थकहमीचं काय झालं? विक्री करूनही जे फिटलं नाही, त्यापोटी हजार कोटींच्या वर रक्कम सरकारनं बँकेला तिजोरीतून द्यायचं ठरवलं. ती तिजोरी कोणाची? मोबाईलच्या रिचार्जवरही कर भरतो त्या आपल्या सगळ्यांची. मग 2024 मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीआधी, पुन्हा 13 कारखान्यांच्या 1,898 कोटींच्या कर्जासाठी सरकार पुढे उभं राहिलं.

मी कारखान्यावर उसाची पोती कशी होतात ते पाहिलं नाही. ऊसतोडीला गेलेली माणसं मात्र पाहिली आहेत. मला एवढंच विचारायचं आहे की एखाद्या संचालकाच्या बैठकीत कोतवाल असा कागद घेऊन गेला का? त्याच्या जामीनदाराची बैलजोडी कोणी ओढून नेली का?

काही लोक म्हणतील, तुमचंही खावटी कर्ज माफ केलं ना सरकारनं. केलं, नाही कोण म्हणते? पण खावटी म्हणजे काय ते आधी सांगा. पावसाळ्यात मजुरी नसते, घरात दाणा नसतो, तेव्हा पोट भरायला आदिवासी विकास महामंडळ 1978 पासून जे धान्य आणि पैसे देत होतं ते. उपाशी माणसाच्या ज्वारीवर व्याज लावलं, वर्षानुवर्षं नावावर थकबाकी ठेवली, आणि मग माफ केलं तर उपकार! 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, त्याच खावटीचं अनुदान करून 4 हजार द्यायचं ठरलं, 2 हजार खात्यात आणि 2 हजारांचा किराणा. ज्यांना मिळालं त्यांनी खाल्लं. त्याची बरोबरी हजार कोटींशी कोणी करू नये, आमचा अपमान होतो.

हेही मान्य केलं पाहिजे की आपल्यातलेही काही जण कर्ज म्हणजे फुकटचा पैसा समजून घेतात. मोटरसायकल आली, लग्नात गेले पैसे. असं होते. त्यात फाईलवाल्याचा हिस्सा आधीच कापलेला असते, हे मात्र कोणत्याच नोटिशीत येत नाही. पण गिरणीवाल्या काकानं काय चूक केली? विजेचा भरवसा नाही अशा गावात विजेवरचा धंदा मंजूर करणाऱ्यानं जागा पाहिली होती का? त्याची जबाबदारी शून्य, आणि अंगठा लावणाऱ्याची सगळी.

जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली, हे शब्द साधे वाटतात. जमीन महसूल संहितेचं कलम 176 पाहा. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, जमिनीची जप्ती आणि विक्री, माणसाची अटक, सगळं त्यात आहे. पण त्याच संहितेत कलम 36 आणि 36अ आहेत, परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून. आणि ज्यांच्याकडे वनहक्काचा पट्टा आहे त्यांनी नीट ऐका. 2006 च्या कायद्याचं कलम 4, पोटकलम 4 सांगते की हा पट्टा वारसानं चालतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जे विकताच येत नाही त्याचा लिलाव कसा करता? हा पट्टा कोणी तारण म्हणून मागितला तर देऊ नका. त्यासाठी आपल्या माणसांनी मोर्चे काढले, केसेस अंगावर घेतल्या. पिठाच्या गिरणीत घालायला नाही.

धारणी आणि चिखलदरा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 चा पेसा कायदा इथे लागू आहे. गरिबीच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभेनं निवडायचे, आणि आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर ताबाही पंचायतीचा आणि ग्रामसभेचा, असं त्यात लिहिलं आहे. मग ग्रामसभेला न विचारता घरोघर फिरून अंगठे घेतले ते कोणत्या कायद्यानं? सावकार म्हणजे फक्त पेढीवर बसणाराच असते का?

आमच्या गावानं ती नोटीस ग्रामसभेत मोठ्यानं वाचली. बाया जास्त होत्या, माणसं कामावर. काकू रडली, तिला वाटलं आपल्यामुळे झालं. ठराव झाला तो असा: मूळ करारनामा आणि जामीनपत्राची नक्कल द्या, या कर्जाला हमी निधीचं संरक्षण होतं का ते लेखी सांगा, असेल तर निधीकडून किती पैसे मिळाले ते सांगा, आणि हे मिळेपर्यंत जप्तीला कोणी गावात येऊ नये. ठराव तहसीलमध्ये दिला. बाबू पोच देत नव्हता, "ठेवून जा" म्हणे. आम्ही अकरा बाया तिथेच बसलो. दुपारी तीनला शिक्का मिळाला.

अजून उत्तर आलं नाही. आणखी पाच गावांत असेच कागद आले आहेत असं कानावर आहे. तुमच्याकडे आला असेल तर घाबरून पैसे भरू नका, फाडूनही टाकू नका. लिफाफा आणि कागद दोन्ही सांभाळून बाजाराच्या दिवशी धारणीच्या एसटी स्टँडवर या. सकाळी दहा ते दोन आम्ही तिथे असतो. जामीनदारांनीही यावं, त्यांच्याकडे कागद नसला तरी.