दगडाची चिठ्ठी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोस्टमनने पार्सल ओपीडीतच आणून दिलं. पेटी लहान, पण वजन भलतंच. "मॅडम, यात काय दगड भरलेत?" त्याने विचारलं. "हो, दगडच आहेत," मी म्हटलं. मी चेष्टा करते आहे असं वाटून तो हसत निघून गेला.

पार्सल जळगाव जिल्ह्यातल्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांचं होतं. त्यांना आणि मला दगड गोळा करायचा नाद आहे. दर दिवाळीला आम्ही एकमेकांना एक पेटी पाठवतो. नियम तीनच: दगड तीनपेक्षा जास्त नकोत, शक्यतो विकतचे नकोत, आणि प्रत्येक दगडाबरोबर चिठ्ठी हवी. चिठ्ठीत गाव, नेमकी जागा, तारीख आणि कोणत्या खडकात सापडला ते लिहायचं. दगड जमवणाऱ्यांमध्ये चिठ्ठीची किंमत दगडाइतकीच असते. चिठ्ठी हरवली की कितीही देखणा स्फटिक असो, तो कुठला हे कळत नाही आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पेटीत नेहमीप्रमाणे कापूस भरलेला होता. कापसाच्या जिल्ह्यातून कापसाच्या जिल्ह्यात दगड येतात ते असे. पहिला दगड म्हणजे फिकट गुलाबी स्टिल्बाइटचा झुपका. दुसरा, काचेसारखा स्वच्छ अपोफिलाइट. दोन्ही खाणीच्या फेकलेल्या मालातून वेचलेले, चिठ्ठ्यांसकट.

आपल्या पायाखालचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांनी बनला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय तर त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे. आमचा वर्धा जिल्हाही त्याच खडकाचा. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, तिच्यावर शेख फरीद बाबांचा दर्गा. तिथे हिंदू-मुसलमान दोघंही जातात. टेकडीच्या परिसरात सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड विखुरलेले दिसतात. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी कथा आहे आणि ती ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. भूशास्त्र सांगतं की हे लाव्हाच्या पोकळ्यांत भरलेल्या खनिजांचेच गोळे. भोवतीचा खडक झिजला आणि ते सुटे झाले. मला दोन्ही गोष्टी आवडतात. कोणती कथा आणि कोणतं कारण, एवढं ठाऊक असलं म्हणजे झालं.

पेटीतला तिसरा दगड मात्र नियम मोडणारा होता. अंड्याच्या आकाराचा, आरशासारखी झिलई दिलेला तांबूस अकीक. सोबत छापील कार्ड: 'रक्तदाब नियंत्रणात ठेवतो. मधुमेहावर गुणकारी. नकारात्मक ऊर्जा शोषून घेतो.' खाली सरांच्या अक्षरात दोन ओळी: "डॉक्टर, हे खरं असेल तर तुमची ओपीडी बंद करा. प्रदर्शनात घेतला, पण याची चिठ्ठी मिळाली नाही. कुठला, कुणी घासला, विकणाऱ्याला माहीत नाही."

कार्डाबद्दल आधी बोलू. अकीक म्हणजे सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच वस्तू, अतिसूक्ष्म कणांत घट्ट बसलेली. हातात धरल्यावर तिच्यातून शरीरात काहीही जात नाही आणि शरीरातून तिच्यात काही येत नाही. 'स्फटिकावर घड्याळ चालतं, म्हणजे त्यात ऊर्जा असणारच,' असा युक्तिवाद मी रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो हे खरं. पण बॅटरीची वीज मिळते म्हणून. सेल संपला की घड्याळ थांबतं, त्यातला स्फटिक ते चालवू शकत नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला. काहींच्या हातात खरे स्फटिक दिले, काहींच्या हातात नकली. ऊब, मुंग्या, मन शांत होणं असे अनुभव दोन्ही गटांत सारखेच आले. म्हणजे अनुभव खोटा नव्हता. तो दगडातून येत नव्हता, एवढंच.

हातात दगड धरून कुणाला बरं वाटत असेल तर माझी तक्रार नाही. मलाही वाटतं. तक्रार सुरू होते ती गोळी बंद होते तेव्हा. रक्तदाब वाढलेला कळत नाही, साखर वाढलेली बरेच दिवस कळत नाही. दगडाच्या भरवशावर सोडलेलं औषध हिशेब मागतं ते मेंदूत, मूत्रपिंडात किंवा डोळ्याच्या पडद्यावर. दगड ठेवा, गोळीही ठेवा. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर गोळी.

पण पेटी बंद केल्यावरही डोक्यात राहिली ती सरांची दुसरी ओळ. 'कुणी घासला, माहीत नाही.'

काही वर्षांपूर्वी चाळिशीतला एक माणूस माझ्या ओपीडीत आला. दम, खोकला, वजन उतरलेलं. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त, बारीक ठिपके. आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की हात आपोआप क्षयाच्या औषधांकडे जातो. माझाही गेला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी सहा महिन्यांचा कोर्स झाला. दम वाढतच गेला. वर्षभराने तो पुन्हा आला, मी पुन्हा कोर्स सुरू केला. तिसऱ्या खेपेला त्याची बायको सोबत होती. ती म्हणाली, "मॅडम, यायच्यासंगचे दोघं असेच गेले जी. तेबी टीबीच्या गोया खात होते."

"संगचे म्हणजे? काम काय करत होते हे?"

उत्तर त्याने दिलं. "दगड दयत होतो जी. पांढरी गारगोटी. पिठासारखी."

परराज्यातल्या एका कारखान्यात त्याने सात वर्षं गारगोटी दळली होती. तोंडाला रुमाल बांधून. त्याला सिलिकोसिस होता. घरी माझ्या कपाटात शेदीडशे दगड आहेत आणि एकाचीही चिठ्ठी मी हरवू दिलेली नाही. पण या माणसाच्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात मीच 'मजुरी' एवढं लिहून ठेवलं होतं.

अख्खा दगड निरुपद्रवी असतो. घातक असते ती त्याची धूळ, आणि तीही डोळ्यांना दिसणारी नव्हे. जी दिसते ती बरीचशी नाकात आणि घशात अडते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथल्या रक्षक पेशी ते गिळतात, पण सिलिका पचत नाही. पेशीच मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या रेट्यात फुप्फुसात कठीण व्रणांच्या गाठी होत जातात. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. झालेले व्रण पुसून टाकणारं औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. त्यामुळे सिलिकोसिसचा क्षय समजणं ही एक चूक, आणि सिलिकोसिस आहे म्हणून क्षय न शोधणं ही दुसरी. रुमालाने हे कण थांबत नाहीत. पाणी मारत दगड कापणं, धूळ जिथे उठते तिथेच ती खेचून घेणारा पंखा, बंदिस्त यंत्र आणि नीट बसणारा योग्य मास्क, हे खरे उपाय.

अकीक घासणाऱ्यांचा आजारही नवा नाही. गुजरातमधल्या खंभातला अकीक शतकानुशतकं जगभर जातो आहे. तिथे घराघरांत चाकावर दगड घासणाऱ्या कारागिरांमधला सिलिकोसिस अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यासून नोंदवला आहे. घरातच घासकाम म्हटल्यावर धूळ बायकामुलांच्याही श्वासात. माझ्या पेटीतला अकीक खंभातचाच असेल असं मी म्हणत नाही. चिठ्ठीच नाही. पण आरोग्य देण्याचं वचन छापलेला दगड कुणाचं तरी आरोग्य घेऊन इतका गुळगुळीत झालेला असू शकतो.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घाला, असं त्यांनी वैद्यांना सांगितलं: तुमचा धंदा काय? तीनशे वर्षं उलटली. ओपीडीत एका रुग्णाला मिळतात दोन-तीन मिनिटं, आणि हा प्रश्न अजूनही रकान्यात 'मजुरी' म्हणून संपतो. वेळ नाही ही सबब खरी आहे, पण मी दोन कोर्सवर घालवलेला वेळ त्याहून कितीतरी जास्त होता.

प्रश्न विचारल्याने उपचार बदलतात, तसा हक्कही बदलतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायचा आजार ठरवला गेला. पण असंघटित मजुराकडे ना ओळखपत्र, ना हजेरीपुस्तक. मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा भागात गारगोटी दळायला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. त्यातल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये केली. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मात्र २०१६ मध्ये आला. राजस्थानने २०१९ मध्ये या धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. अशा सगळ्या लढ्यांची सुरुवात एका कागदापासून होते, आणि तो कागद डॉक्टर लिहितो. त्यावर 'मजुरी' लिहिलं असेल तर कुटुंबाच्या हाती काही लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक सरकारी दवाखान्यात दमेकऱ्याच्या आणि क्षयरुग्णाच्या केसपेपरवर 'कोणतं काम, कुठे, किती वर्षं' या तीन रकान्यांशिवाय औषधाची ओळ सुरू होऊ नये.

त्या माणसाला आता घरी ऑक्सिजनचं यंत्र लागतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलं. "याच्यात हवा येते कुठून?" त्याने एकदा विचारलं. यंत्रात झिओलाइटच्या बारीक गोळ्या असतात. स्टिल्बाइट ज्या कुळातला, त्याच कुळातल्या, पण कारखान्यात बनवलेल्या. या कुळाच्या स्फटिकांत अणूंच्या मापाची भोकं असतात. हवा दाबाने त्यांतून सोडली की नायट्रोजन अडकतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि गोळ्या पुन्हा तयार. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर देशभर रुग्णालयांत उभे राहिलेले ऑक्सिजन प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. दगड औषधाच्या कामाला येतो तो असा.

हा नाद असलेल्यांना, आणि या सणात कुणाला दगड भेट देणाऱ्यांना, डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगते. दगड घरात कोरडा फोडू नका, कोरडा घासू नका. दगड टाकलेलं पाणी पिऊ नका, कारण काही खनिजांत शिसं, तांबं, आर्सेनिक किंवा पारा असतो. केसांसारखे तंतू असलेले नमुने झाकणाच्या डबीत ठेवा, फुंकर मारून साफ करू नका. झिओलाइटच्याच कुळातल्या एरिओनाइटच्या तंतूंमुळे तुर्कस्तानात कॅपाडोशियाच्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात झाला. आणि लहान मुलांच्या हाती द्यायचा दगड तोंडात मावणारा नसावा.

सरांना परतीची पेटी गेली. तिच्यात गिरडजवळच्या एका शेताच्या बांधावरचे तीन गोल दगड आहेत. शेतकऱ्याला विचारून घेतले, चिठ्ठीत बांधाची दिशासुद्धा लिहिली. शेवटी एक ओळ वाढवली: "सर, चौथा नियम करू या. झिलई दिलेला दगड घ्यायचा तर कुणी घासला, पाणी मारून घासला की कोरडा, हे विचारायचं. उत्तर नसेल तर दगड तिथेच ठेवायचा."

अकीक माझ्या ओपीडीच्या टेबलावर आहे, केसपेपर उडू नयेत म्हणून. त्याचं कार्ड मी फाडलं. जागी कोरी चिठ्ठी ठेवली आहे. नवा रुग्ण बसला की ती दिसते आणि मी विचारते, "काम काय करता?"