भागीदारी हवी, पण अंगणवाडीच्या जिवावर नको

खारघरमध्ये सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मुलं प्लेग्रुपच्या व्हॅनची वाट पाहत उभी असतात. त्याच फाटकातून घरकामाला बायका आत येतात. त्यांची मुलं त्या वेळी कुठे असतात, हे मी बरीच वर्षं विचारलं नव्हतं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या आपांनी दुपारची दोन घरं सोडली, तेव्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "अंगणवाडी दुपारी सुटते. नंतर मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायची. आता तिचीच शाळा दुपारची झाली."

मुस्लीम बाईने घराबाहेर काम करावं का, यावर आपल्याकडे अजून चर्चा झडतात. ती कामावर गेल्यावर मूल कोण सांभाळणार, यावर फारसं कोणी बोलत नाही.

पैसे मोजले की प्रश्न सुटतो, असंही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्याच एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि सगळे हादरले. पाळणाघरांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. आजही पालकाकडे त्याचं सोपं उत्तर नाही.

सरकारने खासगी बालवाड्या आणि पाळणाघरांना सोबत घ्यावं, असा एक मार्ग सुचवला जातो. माझा त्याला विरोध नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते एका संस्थेमार्फत. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली. संस्थांनी वाट दाखवायची आणि सरकारने ती सगळ्यांसाठी रुंद करायची, हे आपल्याकडे घडलेलं आहे.

भीती वेगळी आहे. भागीदारीच्या नावाखाली सरकार हळूच अंग काढून घेईल आणि मुलांची फीनुसार वाटणी होईल. न्यूयॉर्क शहराने २०१४ पासून चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत वर्ग वाढवले, तेव्हा निम्म्याहून जास्त जागा शाळांबाहेरच्या केंद्रांत होत्या. वर्ग उभे राहिले, पण तिथल्या शिक्षिकांना सरकारी शाळांतल्या शिक्षिकांपेक्षा कमी पगार मिळे. २०१९ मध्ये गोष्ट संपाच्या इशाऱ्यापर्यंत गेली. आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविका तर डिसेंबर २०२३ मध्ये संपावरच होत्या. बाईला स्वस्तात राबवून मुलांची सोय करायची, ही भागीदारी नव्हे.

म्हणून अटी आधी ठरल्या पाहिजेत. सकाळची अंगणवाडी सरकारचीच राहावी. दुपारनंतरच्या पाळणाघरासाठी खासगी किंवा सामाजिक संस्थेची जागा आणि माणसं घ्यावीत. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहेच. गरीब मुलाचे पैसे सरकारने भरावेत. प्रवेश देताना धर्म, जात, भाषा विचारू नये. आपल्या समाजाच्या संस्थांनी केंद्र चालवायला घेतलं, तर त्यांनाही हीच अट लागू असावी. तीन वर्षांच्या वयात एका सतरंजीवर बसलेली मुलं पुढे एकमेकांना परकी वाटत नाहीत.

शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी कलम ११ मध्ये सरकारने व्यवस्था 'करावी' असं बंधन नाही, ते 'करू शकते' एवढंच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथले रहिवासी ती मागू शकतात.

मोर्चाची गरज नंतर लागेल. आधी एका रविवारी वही घेऊन आपल्या जवळच्या मजूर वस्तीत जाऊ आणि मुलं मोजू. चाळीस भरली, तर अर्ज करू. अंगणवाडी असेल, तर ती किती वाजता सुटते आणि आया किती वाजता परततात, तेही लिहून घेऊ. भागीदारीची बोलणी त्या मधल्या तासांवर व्हायला हवीत.