कैचीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’ आयईएलटीएसच्या स्पीकिंग टेस्टमधला हा असा सोप्पा प्रश्न. वर्ध्याच्या माझ्या मामेभावाची अ‍ॅडमिशन साडेसहा बँडवर अडलीय, म्हणून फोनवर मी परीक्षक झालो. गडी सुरूच झाला: पर्यावरण, प्रदूषण, ग्लोबल वॉर्मिंग! सगळं क्लासमधलं पाठ. अरे, यात तुझी सायकल कुठेय?

‘दादा, आपल्या सायकलीत सांगासारखं काय हाय?’

काय नाही, बॉस? वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर, मे महिन्यात तापून तवा झालेली सीट, कॅरियरवर बहीण डबलसीट. आणि ती कैची!

‘कैचीले इंग्लिशमध्ये काय म्हनू?’

शब्द नसेल तर वर्णन कर. सायकल उंच, मी बुटका, म्हणून दांड्याखालून पाय घालून पॅडल मारायचो. शब्द अडला की असं आडवाटेनं सांगता येणं, याला शब्दसंपत्तीत चक्क मार्क आहेत. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, बस्स, इतकंच तपासतात. वैदर्भी हेलाचे मार्क कापत नाहीत. समोरच्याला कळलं पाहिजे. पाठांतर मात्र लगेच ओळखू येतं.

११ ते १४ मिनिटांचा तर मामला. पहिल्या भागात दोन-तीन वाक्यं पुरतात. पर्यावरण वगैरे तिसऱ्या भागासाठी राखून ठेव. शहरात सायकल ट्रॅक हवेत का, असलं काही विचारतील तेव्हा काढ.

फोनवर दोन मिनिटं शांतता. मग, ‘दादा, चेन उतरते, त्याले काय म्हनतेत?’