आजी रात्री पाणी का पीत नाही?

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की ग्रुपवर दरवर्षी तीच यादी फिरते. लाइन फॉलोअर रोबोट, स्मार्ट डस्टबिन, अटेंडन्सचं अ‍ॅप. सीनियर्सचा रिपोर्ट मिळतो, मार्क मिळतात आणि व्हायवा संपला की मॉडेल माळ्यावर जातं. यंदा त्या यादीत एक विषय घाला. सांगताना थोडं अवघडल्यासारखं होईल, तरी घाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं संडासला जाणं.

हसू नका, आधी घरात जरा बघा. संध्याकाळनंतर आजी पाणी प्यायचं टाळते का? लग्नाला, गावाला निघताना आजोबा 'तुम्हीच जाऊन या' म्हणतात का? अनेकदा कारण एवढंच असतं, की तिकडचा संडास कसा असेल याची धास्ती. गुडघे वाकत नाहीत, बसलं तर उठता येत नाही आणि रात्री दोनला कुणाला उठवायचं? त्यापेक्षा पाणीच नको. मग बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, अशक्तपणा, चक्कर. पडायच्या भीतीनं पाणी तोडलं आणि त्यामुळेच पडायचा धोका वाढला! या वयात खुब्याचं हाड मोडलं, तर पुन्हा पहिल्यासारखं चालणं अनेकांना जमत नाही.

यावर घरोघरी जुगाड असतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडायचं, ओल्या फरशीवर ती फाकते. टॉवेल अडकवायचा रॉड धरून उठायचं, तो टॉवेलचं वजन पेलण्यासाठी असतो, माणसाचं नाही. एक दिवस स्क्रूसकट हातात येतो. दुकानातली कमोड खुर्ची आणली, तर ती तीन बाय चारच्या संडासात शिरत नाही. शिरली तर देशी भांड्याच्या पायठशांवर तिचे चारही पाय सपाट टेकत नाहीत. शेवटी घरचे डायपर आणतात. गरज असेल तेव्हा तो लागतोच. पण जो माणूस आधार धरून चालू शकतो, त्याला केवळ आपल्या सोयीसाठी डायपर लावला, तर त्याचं चालणंही हळूहळू सुटतं. आणि मानही जातो, त्याचं काय?

इथे इंजिनीअरिंग भरपूर आहे. सीट जितकी खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि उठताना मांडीच्या स्नायूंवर जास्त जोर येतो. म्हणून अपंग आणि ज्येष्ठांसाठीच्या संडासात सीट साधारण ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच ठेवतात. उठताना माणूस बहुधा एकाच हातावर भार टाकतो. तो भार खुर्चीच्या पायांच्या चौकोनाबाहेर गेला की खुर्ची कलंडते. दार आत उघडणारं असेल आणि आतला माणूस दारातच पडला, तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. बिजागरी फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं, बाहेरून उघडता येणारी कडी लावली, तर एखादा जीव वाचेल. त्यासाठी सेन्सर लागत नाही.

विद्यार्थ्यांना हे झेपेल का? पुण्यात सत्यजित मित्तल यांनी डिझाइन शिकत असतानाच यावर काम सुरू केलं. लोक देशी संडासावर नेमके कसे बसतात, टाच टेकते की नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यातून टाचांना आधार देणारा 'स्क्वॉटइज' आला. सुरुवात बघण्यापासून झाली होती, हे लक्षात घ्या.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. टेप घेऊन पाच घरांतले संडास मोजा. चाळीतला, फ्लॅटमधला, गावी अंगणापलीकडचा. आजीला विचारा, पण चारचौघांत नको. एकटीला, नीट वेळ काढून. तिला सर्वांत जास्त भीती कुठे वाटते? उंबऱ्यापाशी, बसताना, की पाणी घ्यायला वळताना? मॉडेल बनलं की लगेच तिला त्यावर बसवू नका. आधी वाळूची पोती ठेवा, एकाच हातावर भार द्या, फरशी ओली करा, साबण सांडा. मग फिजिओथेरपिस्टला दाखवा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. त्या यादीत कमोड खुर्चीही आहे. तुमचं बजेट त्या आकड्यात बसवून दाखवा, तेच खरं चॅलेंज.

आणि कॉलेजांनाही एक सांगणं आहे. या विषयाला 'सोशल' म्हणून कोपऱ्यात टाकू नका. रोबोट काळ्या रेघेवरून चालला की पूर्ण मार्क देता ना? मग एखादी आजी रात्री दोन वाजता, कुणालाही न उठवता, दार लावून जाऊन आली, तर त्याचेही द्या.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवा आणि सकाळी बघा, तो किती रिकामा झालाय.