वीस मेंढ्या, एक मेंढा : न जुळणारा हिशेब

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांकडील जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेण्याचे ठरले. बेळगावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोन्ही बातम्या परक्या वाटण्याचे कारण नाही. सुगी आटोपली की शेतात खतासाठी मेंढरे बसवण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अजून आहे. चिंचलीच्या मायाक्काला आणि पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला जाणारी धनगर मंडळी दोन्ही राज्यांतली असतात. सीमेचा वाद आपण माणसे घालतो, मेंढरांनी तो कधीच मानलेला नाही. म्हणूनच या गणनेत मेंढ्या किती भरल्या, यापेक्षा त्या कोणत्या जातीच्या आणि त्या जातीत आता किती विविधता उरली, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न आम्हाला प्रथम एका मेंढपाळाने विचारला. आम्ही तेव्हा एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. मेंढीपालनाची कर्जे ठरलेल्या नमुन्याची असत. वीस मेंढ्या आणि एक मेंढा मिळून एक युनिट. किंमत, विमा, अनुदान, हप्ते सगळे त्या एकवीस जनावरांवर बेतलेले. कागदपत्रांवर अंगठा उमटवण्याआधी एक वयस्कर धनगर म्हणाला, "सायेब, एक मेंढा कसा पुरंल? पुढल्या सालाला ह्याच्याच पोरी ह्याच्याच म्होरं सोडायच्या व्हय?" आम्ही हसून वेळ मारून नेली. अर्जात या प्रश्नाला रकाना नव्हता. कर्ज मंजूर झाले. तीन वर्षांनी वसुलीला गेलो तेव्हा कळप मोडला होता. मधे दुष्काळ पडला होता, त्यामुळे सगळा दोष त्या एका मेंढ्याला देणे बरोबर होणार नाही. पण म्हाताऱ्याचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, हे मान्य करायला निवृत्तीची वाट पाहावी लागली.

हिशेब असा आहे

आनुवंशशास्त्रात कळपाची खरी संख्या काढण्याचे एक साधे सूत्र आहे. नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करायचा, त्याला चाराने गुणायचे आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. वीस मेंढ्या व एक मेंढा घेतला तर ऐंशी भागिले एकवीस, म्हणजे सुमारे ३.८. दिसायला एकवीस जनावरे, पण आनुवंशिक भांडवल म्हणून चारसुद्धा नाहीत. असा कळप बंद ठेवला आणि पैदास घरातल्या घरात होत राहिली, तर दर पिढीला सुमारे १३ टक्के विविधता कमी होते. बाप आणि लेक यांचीच जोडी जुळली तर पुढच्या कोकरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्क्यांवर जाते. परिणाम लगेच दिसत नाही. काही पिढ्यांनी कोकरे अशक्त निपजतात, मेंढ्या गाभण राहण्याचे प्रमाण घटते, रोगाला तोंड देण्याची ताकद कमी होते. थकीत कर्जासारखेच हे आहे, कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ही खरी संख्या निदान ५० असावी. आता जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दहा घरे एकत्र चालली आहेत, प्रत्येकाच्या वीस मेंढ्या आणि एकमेकांशी नाते नसलेला एकेक मेंढा. प्रत्येकाने आपला कळप कुंपणात बंद केला तर प्रत्येकाची खरी संख्या ३.८ च. पण दहाही मेंढे सगळ्या दोनशे मेंढ्यांमध्ये फिरले तर तीच संख्या ३८ होते. जनावरे तीच, मेंढे तेच, फक्त मधले कुंपण गेले. वाटेत दुसरा वाडा भेटला, मेंढ्यांची अदलाबदल झाली, की आकडा पन्नासच्या पुढे. धनगरांनी हे सूत्र कधी पाहिले नाही, पण त्यांची चाल या सूत्राला धरूनच होती.

आता सरकारी योजना पाहा. तेलंगणात २०१७ साली सुरू झालेल्या मेंढीवाटप योजनेत एका कुटुंबाला वीस मेंढ्या व एक मेंढा, ७५ टक्के अनुदान. महाराष्ट्राच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतही वीस अधिक एक. कर्नाटकातही युनिट तेच. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या प्रकल्पासाठी पाचशे माद्या व पंचवीस नर असे प्रमाण आहे. प्रमाण म्हणून तेही वीसास एकच, पण तिथे खरी संख्या ९५ येते आणि दर पिढीचे नुकसान जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे चूक प्रमाणात नाही, चूक आहे ते प्रमाण एकेका घरात सुटे वाटण्यात. गरीब कुटुंबाला पाचशेचा प्रकल्प देता येत नाही हे आम्हालाही कळते. पण वीस अधिक एक देताना मेंढा दर दोन वर्षांनी बदलायचा, तो कुठून आणायचा आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, याची तरतूद योजनेतच हवी.

संख्या वाढली, जात पातळ झाली

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ७.४३ कोटी मेंढ्या मोजल्या गेल्या. २०१२ च्या तुलनेत ही १४ टक्के वाढ. एकट्या तेलंगणात १.२८ कोटींवरून १.९१ कोटी. कर्नाटकात १.११ कोटी, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. आकडे पाहून कुणीही समाधान मानेल. पण तेलंगणाच्या वाटपासाठी मेंढ्या मोठ्या प्रमाणावर शेजारच्या राज्यांतून विकत घेतल्या गेल्या. त्या कोणत्या जातीच्या आणि ज्या रानात सोडल्या तिथली मूळ जात कोणती, याचा विचार खरेदीच्या घाईत मागे पडला. डोकी मोजली की योजना यशस्वी ठरते, जात मोजायला वेळ लागतो.

आपल्या पठाराची मूळ मेंढी म्हणजे दख्खनी. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही राज्यांत ती आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार सांगितले जातात. काळी, भरड लोकर, लांबचा पल्ला चालणारे पाय आणि कुसळी गवतावर भागवणारे पोट ही तिची ओळख. या लोकरीची घोंगडी सनगर मंडळी विणत आणि तिला चिंचोक्याची खळ देत. आता घोंगडीला गिऱ्हाईक थोडे. लोकर कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. मटणाचा भाव मात्र चढा आहे. म्हणून मेंढपाळ बिनलोकरीच्या, उंच, लवकर वजन धरणाऱ्या जातींचे मेंढे आणून दख्खनीवर सोडतात. त्यात जतजवळच्या माडग्याळकडचे मेंढे आहेत आणि आंध्रातले नेल्लोरही. आम्ही मेंढपाळाला दोष देणार नाही. त्याचा हिशेब बाजाराने ठरवला आहे. शिवाय कळपातला सगळ्यांत उमदा नर बकरी ईदच्या बाजारात आधी विकला जातो आणि मागे राहिलेला पैदाशीला लागतो, हीसुद्धा बाजाराचीच करामत.

संशोधनाने या बाबतीत काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. आईकडून येणाऱ्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास केला असता भारतातील बहुतेक मेंढ्या 'अ' या एकाच मातृवंशात मोडतात, पण त्या वंशाच्या पोटात विविधता भरपूर सापडते. जातींची नावे वेगवेगळी असली तरी व्यापार आणि भटकंती यांमुळे माद्यांची देवाणघेवाण शतकानुशतके चालू होती, असा त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट, एकूण विविधतेचा मोठा वाटा दोन जातींमधल्या फरकात नसून एकेका जातीच्या आत असतो. म्हणून 'दख्खनी वाचवली' असे म्हणून एका फार्मवर शंभर मेंढ्या ठेवल्याने काम होत नाही. दख्खनीची श्रीमंती अनेक वाड्यांत विखुरलेली आहे आणि ती तिथेच जिवंत राहते.

गारोलचा धडा

एखादी दुर्लक्षित जात का जपावी, याचे उत्तम उदाहरण बंगालच्या सुंदरबनातील गारोल मेंढीचे आहे. दलदलीत चरणारी ही मेंढी इतकी लहान की प्रौढ मादीचे वजन जेमतेम १० ते १५ किलो. मटणाच्या भावाने पाहिले तर कुणी तिला उभे करणार नाही. पण ती सहज दोन-तीन कोकरे देते. ऑस्ट्रेलियातील बुरुला नावाच्या मेरिनो कळपात असाच गुण होता आणि २००१ मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला. १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून तिकडे मेंढ्या गेल्या होत्या, याची नोंद होतीच. पुढे गारोलमध्ये नेमका तोच बदल आढळला आणि धागा जुळला.

हा धागा आपल्या जवळच, सातारा जिल्ह्यातील फलटणला येऊन पोचतो. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल मेंढ्या आणून तो जनुक दख्खनीत उतरवला. गारोलचा एक गुण घ्यायचा आणि पिढ्यानपिढ्या पुन्हा दख्खनीशीच संकर करत अंगकाठी दख्खनीची ठेवायची, असे ते चिकाटीचे काम. त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली. एरवी बहुधा एकच कोकरू देणाऱ्या मेंढीत जुळ्यांचे प्रमाण स्पष्ट वाढले. चंदा निंबकर यांनी या कामात आयुष्याची बरीच वर्षे घातली. विचार करा, कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी 'सुधारणा' म्हणून सुंदरबनात मोठे मेंढे वाटले असते तर तो जनुक आज कुठून आणला असता? आणि दख्खनीच उरली नसती तर तो उतरवला कशात असता?

दख्खनीच्या अंगात काय दडले आहे, हे अजून आपण पुरते पाहिलेले नाही. उन्हाळे तापत आहेत, पाऊस लहरी झाला आहे, गायरानांवर वसाहती आणि प्रकल्प उभे राहत आहेत. अशा दिवसांत कमी चाऱ्यावर लांब चालणारी मेंढी हे उद्याचे राखीव भांडवल आहे. ताळेबंदात राखीव निधी दिसतो, मेंढीचा दिसत नाही, एवढाच फरक.

करता येण्याजोगे

आमच्या मते तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पहिली, कर्ज किंवा अनुदान देताना जातीचे नाव अर्जात लिहावे आणि त्या भागाची मूळ जात असेल तर थोडे जास्त अनुदान द्यावे. दुसरी, सुटे युनिट देण्याऐवजी आठ-दहा कुटुंबांचा गट करून मेंढे वेगवेगळ्या वाड्यांतून आणावेत आणि दर दोन वर्षांनी आपसांत फिरवावेत. मेंढ्याची किंमत अनुदानात धरावी, म्हणजे उमदा नर कसायाकडे जाण्याआधी दोन हंगाम कळपात राहील. तिसरी, काळ्या लोकरीला गिऱ्हाईक हवे. आपल्या मंडळाच्या सत्कारात शालीऐवजी घोंगडी दिली तर जग बदलणार नाही, पण एखाद्या विणकराचा माग चालू राहील.

पशुगणनेचे जातवार आकडे येतील तेव्हा एकूण मेंढ्या किती वाढल्या, ही ठळक बातमी होईल. आपण मात्र आतल्या तक्त्यात दख्खनीचा रकाना शोधावा. आणि कुणी सांगितले की अमुक इतकी युनिटे वाटली, तर त्या म्हाताऱ्याचा प्रश्न विचारावा : पुढल्या सालाला मेंढा कुठला?