पडद्यावरची राजनिष्ठा

जुन्या वार्तापटांना हल्ली फार मागणी आली आहे. मोबाइलच्या पडद्यावर ते फुकट दिसतात. काळ्या-पांढऱ्या चित्रांत हात उंचावणारे, झेंडे हलवणारे, हसतमुख लोक दिसतात आणि लगेच कोणी विद्वान निष्कर्ष काढून मोकळा होतो की, पाहा, जनता तर सरकारच्याच बाजूची होती! इंग्रजी राज्याविषयी असे बोलले जाते, आणीबाणीविषयी तर हमखास बोलले जाते. चित्र खोटे बोलत नाही, हा या मंडळींचा भाबडा सिद्धान्त! पण कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस कोणाचा नोकर आहे आणि कॅमेऱ्यासमोरची गर्दी कोणत्या धाकाने उभी आहे, हे चित्र कधी सांगते काय?

प्रागचेच उदाहरण घ्या. नाझींच्या ताब्यातील बोहेमिया-मोराव्हियाचा कारभार हाकणारा राइनहार्ड हायड्रिख याच्यावर 27 मे 1942 रोजी देशभक्त सैनिकांनी हल्ला केला. 4 जूनला तो मेला. 10 जूनला लिदित्से या खेड्यातील 173 पुरुषांना एका वाडीत उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रियांना छळछावणीत धाडण्यात आले आणि गाव जाळून जमीनदोस्त करण्यात आले. देशभर एक हजाराहून अधिक माणसे मारली गेली. हायड्रिखच्या वधाला नुसती संमती दर्शवणे हाही देहान्ताचा गुन्हा ठरला होता. आणि 3 जुलैला काय घडले? प्रागच्या वेन्सेस्लास चौकात सुमारे दोन लाख नागरिक जर्मन राइखशी एकनिष्ठ असल्याची ग्वाही देत, उजवे हात उंचावून उभे होते! व्यासपीठावर नाझींचा एतद्देशीय मंत्री एमान्युएल मोराव्हेत्स गर्जत होता. शेजारच्या घरातला माणूस गेल्याच आठवड्यात नाहीसा झालेला असताना त्या चौकात जाऊन हात उंचावणाऱ्याच्या मनात काय चालले असेल, हे कोणता कॅमेरा टिपणार? तीन वर्षांनी, 5 मे 1945 रोजी, त्याच प्रागने शस्त्र उचलले. त्याच दिवशी मोराव्हेत्सने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

फ्रान्समध्ये तर मौजच झाली. नाझींचे वार्तापट सुरू झाले की अंधाराचा फायदा घेऊन प्रेक्षक हुर्यो उडवत, शिट्ट्या मारत. उपाय म्हणून वार्तापट चालू असताना प्रेक्षागृहातील दिवे चालू ठेवण्याचा हुकूम निघाला. म्हणजे प्रेक्षकाने पडद्याकडे पाहायचे आणि पोलिसाने प्रेक्षकाकडे! उजेडात दाखवावे लागणारे चित्र, यापेक्षा त्या प्रचाराच्या अपयशाचा आणखी कोणता पुरावा हवा?

सर्वांत काळीज गोठवणारी कथा तेरेझिनची. तेथील ज्यूंच्या बंदिवासात 23 जून 1944 रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी आले. त्यांच्यासाठी रंगरंगोटी झाली, बागा फुलवल्या गेल्या. नंतर त्याच सजावटीत एक चित्रपट काढण्यात आला. त्यात फुटबॉल आहे, संगीत आहे, खेळणारी मुले आहेत. त्याचे दिग्दर्शन कुर्ट गेरॉन या नामवंत ज्यू नटाकडून, कैद्याकडूनच, करवून घेण्यात आले. चित्रीकरण संपले आणि गेरॉनची रवानगी आउश्वित्झला झाली. तेथे तो मारला गेला. त्या चित्रपटात हसणारी कित्येक माणसेही त्याच वाटेने गेली.

इंग्रजांना आणि नाझींना एकाच मापाने मोजण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पडद्याचे यंत्र मात्र दोघांनीही ओळखले होते. महायुद्धाच्या काळात दिल्लीच्या सरकारने 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था उभारली आणि 'इंडियन न्यूज परेड' हा वार्तापट सुरू केला. 1943मध्ये भारत संरक्षण नियमांखाली फर्मान निघाले की, प्रत्येक चित्रपटगृहाने प्रत्येक खेळात सरकारमान्य अशी किमान 2,000 फूट फिल्म दाखवलीच पाहिजे. वर तिचे भाडेही चित्रपटगृहाच्या मालकानेच भरायचे! आपल्याच खिशातल्या पैशाने आपल्याच गुलामगिरीची स्तुती ऐकण्याची ही सोय होती.

आणि त्याच 1943च्या आरंभी आमच्या मुरबाडच्या डोंगरात काय घडत होते? माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि त्यांचे सहकारी हिराजी गोमाजी पाटील यांचा आझाद दस्ता मुंबईला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडत होता. मुंबईच्या गिरण्या आणि युद्धसाहित्याचे कारखाने ज्या विजेवर चालत, तिच्यावरच हा घाव होता. 2 जानेवारी 1943 रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्यांना गाठले. दोघेही तेथे धारातीर्थी पडले. सिद्धगडावर कोणाचा कॅमेरा नव्हता. म्हणून आज शहापूरहून सापगावमार्गे मुरबाडला जाणाऱ्या एसटीतील महाविद्यालयीन मुलाला त्या युद्धातल्या रणगाड्यांची चित्रे पाठ असतात. पण खिडकीतून दिसणाऱ्या डोंगररांगेत कोण मेले, ते त्याला ठाऊक नसते. दोष त्या मुलाचा नव्हे. ज्यांनी चित्रफीत हाच इतिहास मानला, त्यांचा आहे.

1946मध्ये ती संस्था बंद झाली. परिणामी 15 ऑगस्ट 1947 चित्रित करायला सरकारजवळ स्वतःचे चित्रपथकच नव्हते, हा नियतीचा विनोद! पण सक्तीची चटक वाईट. 1948मध्ये फिल्म्स डिव्हिजन आले आणि चित्रपटापूर्वी सरकारी वार्तापट दाखवण्याची अट स्वतंत्र भारतातही कायद्याने कायम झाली. इंग्रजांनी जाताना ठेवलेले हे जोडे आपल्या राज्यकर्त्यांच्या पायांत अगदी नेमके बसले!

त्यांचा खरा उपयोग आणीबाणीत झाला. 12 जून 1975च्या अलाहाबाद निकालानंतर पंतप्रधानांच्या समर्थनार्थ दिल्लीत जे मेळावे भरवले गेले, त्यांसाठी सरकारी परिवहनाच्या बसगाड्या कशा जुंपल्या गेल्या, हे पुढे शहा आयोगासमोर उघड झाले. एस. सुखदेव यांच्यासारख्या गुणी दिग्दर्शकाने 1976मध्ये आणीबाणीची भलामण करणारा 'थंडर ऑफ फ्रीडम' काढावा, याची खंत आजही वाटते. इकडे डिसेंबर 1975मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, खुद्द यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. सारा मंडप उभा राहिला. त्या गर्दीला कोणी बसमधून आणले नव्हते.

ही जात अजून संपलेली नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या सापगाव परिसरातल्या वाड्यापाड्यांवर सकाळीच टेम्पो येऊन थांबतात. कातकरी, ठाकर बाया-माणसे त्यांत कोंबली जातात, हातात झेंडा कोणाचा द्यायचा ते टेम्पो ठरवतो. कालचा टेम्पो एका पक्षाचा, उद्याचा दुसऱ्याचा. आणि यात कोणताही पक्ष सोवळा नाही, आपल्याला जवळचे वाटणारेसुद्धा. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर 'अलोट जनसागर' दिसतो. पन्नास वर्षांनी तीच फीत पाहून कोणी म्हणेल, ठाण्याचा आदिवासी त्या नेत्यावर काय लुब्ध होता!

असे म्हणणाऱ्यांनी मार्च 1977 आठवावा. एकोणीस महिने पडद्यावर केवळ समाधानी, शिस्तबद्ध, जयजयकार करणारी जनता दिसत होती. मतपेट्या उघडल्या, तेव्हा रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी 55 हजारांहून अधिक मतांनी हरल्या, महाराष्ट्रात 48पैकी अवघ्या 20 जागा काँग्रेसच्या हाती राहिल्या आणि ठाण्यातून आणीबाणीत कारावास भोगलेले रामभाऊ म्हाळगी लोकसभेवर गेले.