रीसेट झाला, म्हणजे डेटा गेला?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११च्या टीपीएम २.० किंवा प्रोसेसरच्या अटीत न बसणारे असंख्य घरगुती संगणक त्यामुळे बदलीला निघाले आहेत. कुणी ते एक्स्चेंजमध्ये देतो, कुणी विकतो, कुणी नात्यातल्या विद्यार्थ्याला देतो, आणि त्याआधी आपल्या काउंटरवर येऊन म्हणतो, “फॉरमॅट मारून द्या.” यंत्र त्याच घरात राहणार असेल तर फॅक्टरी रीसेट पुरेसा आहे. ते दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर डेटा पुसणे हे वेगळे काम आहे. ते वेगळे करावे, तपासावे आणि त्याचे वेगळे पैसेही घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजच्या रीसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडले तरी ‘क्लीन डेटा’ हा पर्याय आपोआप चालू होत नाही. सेटिंग बदलून तो चालू करावा लागतो. तो बंद राहिला तर हार्ड डिस्कवरच्या फायलींची नोंद जाते, मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तिथेच राहतो. सगळे ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही स्वतंत्र आहे. तो न निवडल्यास डी ड्राइव्हला हातही लागत नाही. ‘महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवा, फॉरमॅटमध्ये जाणार नाही’ हा सल्ला आपल्याच व्यवसायाने वर्षानुवर्षे दिला आहे. त्यामुळे आधार-पॅनच्या प्रती, फॉर्म १६, घराच्या कराराचे स्कॅन आणि लग्नाचे फोटो नेमके तिथेच असतात. सगळे पर्याय बरोबर निवडूनही काही राहू शकते. तेव्हाच्या काही विंडोज आवृत्त्यांत रीसेटनंतरही वनड्राइव्हच्या फायली उरत होत्या, हे फेब्रुवारी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टनेच मान्य केले होते. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्क होत्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फॉरमॅट केलेले होते, हे विशेष.

वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यामागे बऱ्याचदा जुना गैरसमज असतो. पीटर गुटमन यांच्या १९९६च्या लेखातले ३५ फेऱ्यांचे कोष्टक तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्क-पद्धती मिळून होते. आजच्या डिस्कवर त्या सगळ्या फेऱ्या करण्यात अर्थ नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेनुसारही चुंबकीय डिस्कवर साधारणपणे एकदा लिहिणे पुरते. एक टेराबाइटला त्यासाठी काही तास लागतात, पण तेवढा वेळ माणूस अडकून राहत नाही. एसएसडीमध्ये ट्रिममुळे सगळे आपोआप जाते, असेही म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरे ठरते, पण ग्राहकाला हमी देण्याइतके नाही. शिवाय वापर सर्व पेशींत वाटून देणारा कंट्रोलर काही जुन्या प्रती आपल्या नजरेआड ठेवू शकतो. म्हणून वरून शून्ये लिहिण्यापेक्षा ड्राइव्हचीच सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ आज्ञा वापरावी. तीही तपासूनच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११मध्ये १२ एसएसडी तपासल्या, तेव्हा चारांनीच ही आज्ञा खात्रीलायकपणे पाळली. एकीने काम झाल्याचे कळवले आणि डेटा जसाच्या तसा ठेवला. मग डिस्क फोडूनच टाकावी, असे कुणी म्हणेल. बंद पडलेल्या, आज्ञाच न घेणाऱ्या डिस्कसाठी ते योग्य आहे. चालू डिस्क फोडणे म्हणजे कुणाच्या तरी शिक्षणाला उपयोगी पडणारे साधन ई-कचऱ्यात घालणे.

‘ग्राहक मागतच नाही’ हा युक्तिवाद मात्र आम्हाला मान्य नाही. त्याला यातला फरक ठाऊक नाही म्हणूनच तो आपल्याकडे येतो. यंत्र कुठे जाणार, हे जॉबकार्डवरच विचारा. बॅकअप उघडून पाहिल्याची त्याची सही घ्या, कारण यानंतर काहीच परत आणता येणार नाही. त्याची सगळी खाती साइन-आउट करून घ्या. पुसून झाल्यावर, विंडोज पुन्हा बसवण्याआधी, रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा आणि डिस्कचा अनुक्रमांक, वापरलेली पद्धत व तारीख बिलावर लिहा. तपासणीत एक जरी फाइल उघडली, तर ते यंत्र दुकानाबाहेर जाऊ देऊ नका.